हवाली केलेलं पुस्तक

कुवेतमधल्या खैतान भागातल्या आमच्या क्लिनिकचं शटर नुकतंच वर गेलं होतं. काउंटरवर तीन माणसं सिव्हिल आयडी हातात धरून उभी होती, आणि माझा फोन वाजला. सुवार्ता बोलत होती. सुवार्ता म्हणजे लीलाताईंची भाची, जहरा शहरात नर्स आहे. तिला कुवेतला आणलं ते लीलाताईंनीच. "मावशी, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. पहाटे इस्पितळाची स्टाफबस इमारतीखाली आली होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. ज्या बाईनं सव्वीस वर्षांत त्या बसला एकदाही थांबवलं नाही, ती खाली आली नाही तेव्हा इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, वर गेला. दार लोटलेलं होतं. लीलाताई दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर भिंतीला टेकून बसलेल्या होत्या, एक पांढरा बूट पायात, दुसरा हातात. हृदय थांबलं असं डॉक्टरांनी लिहून दिलं...

लोक विचारतात, ऐकल्यावर काय वाटलं? खरं सांगते. आधी रडू आलं नाही, आधी राग आला. पहिला विचार मनात आला तो हा, की त्या बाई गेल्या आणि तो माणूस जिवंत आहे. इथल्याच रुमैथिया भागात आपल्या गार दिवाणखान्यात बसून तो आता पेपर वाचत असेल. आज दोन महिने झाले. रडू येऊन गेलं, राग तसाच आहे. तेव्हा हा लेख श्रद्धांजली म्हणून वाचायला घेतला असेल तर आधीच सांगून ठेवते, यात सूडही आहे. लीलाताईंना ते आवडलं असतं. गोड गोड लेखांचा त्यांना तिटकारा होता.

सिस्टर लीला रणपिसे. मूळ जालन्याच्या. इथल्या एका मोठ्या इस्पितळात डायलिसिसच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काम केलं. लग्न केलं नाही. आणि त्या एका पुस्तकाच्या लेखिका होत्या. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलं, कारण ते एका माणसानं पुसून टाकलं होतं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. घाबरून नव्हे. रोमन लोकांचा एखाद्यावर फार राग असला की ते दगडातल्या लेखांवरून त्याचं नाव छिन्नीनं तासून काढत, हे मला लीलाताईंनीच शिकवलं. दगडात खळगा राहतो, येणारा-जाणारा विचारतो, इथे कोण होतं बुवा? इथल्या मराठी मंडळात त्यांना सगळे 'सर' म्हणत. मीही सरच म्हणेन. कळायचं त्यांना कळेल, आणि कळावं अशीच माझी इच्छा आहे.

लीलाताई मला भेटल्या त्या कंबर धरून. नर्सची कंबर ती, माणसं उचलून उचलून गेलेली. आमच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपीला आल्या होत्या. मी तेव्हा काउंटर सांभाळून फावल्या वेळात मंडळाच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण टाइप करत होते. त्या काउंटरवरून वाकून स्क्रीनकडे बघत राहिल्या. "हे मराठी तू टाइप करायलीस?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. "नाव काय तुझं?" "नसीम." "गाव?" "दाभोळजवळ." "टाइपिंगची परीक्षा दिलेली दिसती." "हो, दापोलीत." बस्स. मी वाट बघत होते पुढच्या वाक्याची, मुसलमान असून तुमचं मराठी किती छान हो, या वाक्याची. ते आलं नाही. पुढे मी त्यांना एकदा हे बोलून दाखवलं तेव्हा त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "मला पण म्हणतात ना गं, ख्रिश्चन असून मराठी? मी म्हणते, नाही हो, माह्या आजीनं हिब्रूत पाळणे म्हटले."

त्यांच्या पुस्तकाचा विषय सांगितला तर लोकांना हसू येई. रोमच्या साम्राज्याचा उतरता काळ आणि त्या काळात ख्रिस्ती धर्म कसा वाढला. कुवेतमधल्या डायलिसिसच्या नर्सला याचं काय पडलंय? पण त्यांना ते लहानपणापासून पडलं होतं. शाळेत मुली चिडवत, तुमचे आजे-पणजे दुष्काळात धान्यासाठी बाटले. बापाला विचारलं तर बाप म्हणे, क्षमा कर. चर्चच्या पाळकांना विचारलं तर तेही म्हणत, क्षमा कर. "मला क्षमा करायची नव्हती, मला उत्तर पाहिजे होतं," लीलाताई सांगत. "मग मी म्हटलं, चला, अगदी सुरुवातीला जाऊ. रोममधल्या गुलामांना, धुणी धुणाऱ्या बायांना कोण धान्य देत होतं? तिथं तर काय मिळत होतं गं? मार मिळत होता. तरी का गेले?" या एका प्रश्नामागे त्यांनी आयुष्यभर इंग्रजी ग्रंथ वाचले. शब्दकोश शेजारी ठेवून, इस्पितळाच्या बसमध्ये, चर्चमधून परतताना. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून इथल्या ख्रिस्ती लोकांचा रविवार शुक्रवारीच येतो. त्या म्हणायच्या, "सम्राटानं रविवारची सुट्टी दिली होती, कुवेतनं बदलली."

लिहायच्या त्या ड्यूटीच्या तक्त्यांच्या पाठीमागे. वॉर्डातला महिन्याचा छापील तक्ता भिंतीवरून उतरला की तो त्या घरी आणत. पाठकोऱ्या कागदावर निळ्या शाईत बारीक अक्षर. असे कागद दोऱ्यानं शिवून केलेल्या वह्या. क्लिनिक दुपारी एक ते चार बंद असतं. त्या तीन तासांत त्यांची रजा किंवा दुपारची मोकळीक असेल तेव्हा मी त्यांच्या खोलीवर जाई आणि टाइप करी. त्या भाकरी थापत तिकडून सांगत, "तिथं साम्राज्य शब्द दोनदा आलाय, एक काढ." तीन वर्षं हे चाललं. मी कोकणी मुसलमान बाई, ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार शतकांचा इतिहास मला असा मेथीच्या भाजीच्या वासात पाठ झाला.

त्यातली दोन प्रकरणं मी कधीच विसरणार नाही. पहिलं साथीच्या रोगाचं. शहरात साथ आली की श्रीमंत लोक गावाबाहेर पळत, वैद्यही पळत. आणि या नव्या पंथाची माणसं मागे राहून आजाऱ्यांना पाणी पाजत, आपल्यांना आणि परक्यांनाही. पुस्तकांत हे एका ओळीत असतं. लीलाताईंनी त्यावर सहा पानं लिहिली होती. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात चमच्यानं पाणी ओतायचं नाही, ठसका लागून मरतो. आधी ओल्या कापडाचं टोक खालच्या ओठाच्या कोपऱ्याला लावायचं, जीभ हलते का बघायची, हलली तर पिळायचं, नाहीतर थांबायचं. नुसतं एवढं केलं तरी माणसं वाचतात, आणि वाचलेला माणूस ज्या हातानं ओठ ओले केले तो हात विसरत नाही. "धर्म असा वाढला," असं त्यांनी खाली लिहिलं होतं.

दुसरं प्रकरण हवाली करणाऱ्यांचं. डायोक्लेशियन बादशहाचा हुकूम निघाला की ख्रिस्ती लोकांनी आपले धर्मग्रंथ सरकारजमा करावेत, जाळण्यासाठी. काहींनी ग्रंथ लपवले आणि जीव दिला. काहींनी मुकाट्यानं आणून दिले. एका बिशपानं तर शिपायांच्या हातावर चक्क वैद्यकाची पुस्तकं ठेवली. शिपायांना काय कळतंय, ती घेऊन गेले. हे सांगताना लीलाताई टाळी द्यायच्या. "बघ, आमच्या खात्यानं किती जुनी मदत केलीय!" पण पुढे हसू मावळायचं. दिवस पालटले, कॉन्स्टंटाइन सम्राट झाला, छळ थांबला, आणि ज्यांनी ग्रंथ हवाली केले होते तेच लोक पुन्हा वेदीशी उभे राहिले. उत्तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या गटानं सांगितलं, यांच्या हातचं आम्हाला चालणार नाही. त्या हट्टापायी भांडण पिढ्यान्‌पिढ्या चाललं. "इतिहासवाले म्हणतात ते आडमुठे होते," लीलाताई म्हणायच्या. "असतील. मी त्यांच्या बाजूची आहे. पुस्तक हातानं दिलंस ना? मग हात बघ स्वतःचा."

हे शब्द मी टाइप केले. माझ्या दहा बोटांनी. आणि त्यानंतर तीन महिन्यांनी मी पुस्तक हवाली केलं.

सर मंडळातले मोठे गृहस्थ. मोठ्या कंपनीतून निवृत्त होऊन इथेच मुलाकडे राहिलेले. फार पूर्वी गावाकडे कॉलेजात दोन-तीन वर्षं इतिहास शिकवलेला. संमेलनात सूत्रसंचालन त्यांचं, स्मरणिकेचं संपादन त्यांचं. स्मरणिकेचं टाइपिंग माझ्याकडे असे, म्हणून ते क्लिनिकवर येत. एकदा मी लीलाताईंच्या पुस्तकाबद्दल बोलून गेले. ते खुर्ची ओढून बसले. पुण्यात आपले प्रकाशक ओळखीचे आहेत म्हणाले. नुसती फाइल पाठवा, मी शुद्धलेखनाच्या नजरेनं बघतो, छोटी प्रस्तावना लिहितो, सिस्टरना सरप्राइज देऊ म्हणाले. आणि मग म्हणाले, "नसीमताई, खरं सांगू? मुसलमान असून तुमचं मराठी इतकं शुद्ध आहे, की आमच्या घरातल्या पोरांनी तुमच्याकडे शिकायला यावं." ज्या वाक्यावर मी आयुष्यभर मनातून दात खाल्ले, त्याच वाक्यानं त्या दिवशी मी फुलले. माझी लाज मी लपवत नाही. पोरांनी माझ्याकडे शिकायला येणं राहू द्या, त्यांची नातवंडं तर 'आय कान्ट रीड दॅट' म्हणतात. पण मी फुलले आणि ईमेलचं बटण दाबलं. लीलाताईंना विचारलं नाही.

वर्षभर सर "चाललंय, चाललंय" म्हणत राहिले. मग एके दिवशी मंडळाच्या ग्रुपवर मुखपृष्ठ आलं. मागे रोमन खांब, पुढे मोठ्या अक्षरात सरांचं नाव. वाटलं, चुकून झालं असेल. फोन केला तर म्हणाले, "अहो, विषय सिस्टरांचा, पण मांडणी सगळी मला नव्यानं करावी लागली. नर्सच्या नावावर इतिहासाचं पुस्तक कोण घेणार? आभारात त्यांचा उल्लेख आहे की." उल्लेख होता. 'कुमारी लीला रणपिसे यांनी काही वैद्यकीय माहिती पुरवली.' मांडणी म्हणाल तर प्रकरणांची नावंसुद्धा बदललेली नव्हती. मी टाइप करताना एका ठिकाणी एक ओळ दोनदा पडली होती, तीही तशीच छापलेली होती.

तशीच उठून लीलाताईंच्या खोलीवर गेले. त्या जमिनीवर बसून गवार मोडत होत्या. मी सगळं सांगितलं, फोनवरचं मुखपृष्ठ पुढे केलं. त्यांनी बघितलं. गवार मोडायची थांबली नाही. शेवटची शेंग मोडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्यानं चोरलं. तू दिलंस." मग म्हणाल्या, "जा आता."

प्रकाशनाला हॉल भरला होता. मी मागच्या रांगेत होते. सर बोलत होते, अभ्यासाची वर्षं, एकांत, तपश्चर्या... आणि बाजूच्या दारातून लीलाताई आल्या. ड्यूटीवरून थेट, पांढरा गणवेश, छातीला नावाची पट्टी तशीच. भाषण संपल्यावर सूत्रसंचालिका म्हणाली, कुणाला काही विचारायचंय का? लीलाताईंनी हात वर केला. त्यांच्या हातात पुस्तकाची प्रत होती. बाहेरच्या टेबलावर घेतलेली असावी.

"सर, साथीच्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय, शुद्ध हरपणाऱ्या माणसाला चमच्यानं पाणी देऊ नये. मग कसं द्यावं?"

सर हसले. "पुस्तकात सविस्तर दिलंय, सिस्टर."

"दिलंय. मी तुम्हाला विचारते. पुस्तक मिटून सांगा. ओल्या कापडाचं टोक कुठं लावायचं? आणि त्यानंतर काय बघायचं?"

सर म्हणाले, "हे तपशील... संदर्भग्रंथांतून घेतलेले आहेत."

"कुठल्या?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. लीलाताई हळूच म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय, 'मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे.' कुठल्या वॉर्डात होता तुम्ही?"

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांनी माइक घेतला. सिस्टरांच्या सेवेबद्दल आपल्या सर्वांना आदर आहे, पण वेळ फार झालाय, चहा तयार आहे. खुर्च्या सरकल्या. लोक चहाकडे गेले. जाताना लीलाताईंच्या बाजूनं जायला नको म्हणून लांबच्या दारानं गेले. हे मी डोळ्यांनी बघितलं, आणि त्यांतल्या एकेकाचा चेहरा मला आजही पाठ आहे. काही जण आता माझ्या काउंटरवर येतात. मी त्यांना नंबर देते, बसायला सांगते. बोलत नाही.

माझी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. आठवड्यानं मी त्यांच्या दाराशी गेले. त्यांनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत. म्हणाल्या, "पूर्वी काही ठिकाणी अशा माणसांना पायऱ्या असायच्या. पहिली, दाराबाहेर उभं राहायचं आणि रडायचं. दुसरी, उंबऱ्याच्या आत उभं राहून नुसतं ऐकायचं. तिसरी, आत गुडघे टेकायचे. चौथी, सगळ्यांबरोबर उभं राहायचं, पण प्रसाद नाही. वर्षंच्या वर्षं. मंजूर असेल तर उद्यापासून ये. नसेल तर तुझा रस्ता मोकळा आहे." मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्या चेष्टा करत नव्हत्या.

सहा महिने मी दाराबाहेर उभी राहिले. त्या नवीन लिहिलेली पानं दारातून हातात देत आणि दार लावत. सर्वांसमोर सांगते, जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या मल्याळी बाया माझ्याकडे बघून कुजबुजायच्या, सेल्सवाली असेल. मग एक दिवस दार उघडं राहिलं. पुढचे काही महिने मी चपलांच्या रॅकजवळ उभी राहून ऐकत असे. त्या आतून वाचून दाखवत. पुस्तक त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं होतं, "आधीचं त्याच्या हाताला लागलंय, ते मला नको," म्हणून. मग एके दिवशी म्हणाल्या, "बस खाली." मी चटईवर बसले. माझ्यासमोर त्या चहा प्यायच्या, मला द्यायच्या नाहीत. राग यायचा मला कधीकधी. एकदा बोललेही, "ताई, येशूनं तर लगेच माफ केलं असतं." त्यांनी कप खाली ठेवला. "तो देव होता. मी नर्स आहे. जखम वरून बुजवली की आत पू होतो. उघडी ठेवायची, रोज धुवायची, तळातून भरू द्यायची. वेळ लागतो. माफ करायचंय मला तुला नसीम, म्हणून तर वेळ काढते आहे. त्याच्यासाठी मी एक मिनिट काढणार नाही."

मिनिट नाही काढलं, पण त्याच्यामागे त्या हात धुऊन लागल्या. ड्यूटीच्या तक्त्यांच्या पाठीमागे लिहायची सवय इथे कामी आली. प्रत्येक कागदाच्या एका बाजूला महिना, वर्ष, वॉर्डातल्या नर्सांची नावं, इस्पितळाचा शिक्का. दुसऱ्या बाजूला पुस्तक, सरांनी ते पाहण्याच्या कितीतरी आधीचं. दोन्ही बाजूंचे फोटो आम्ही काढले, मी चटईवरून, त्या खुर्चीवरून. सरांच्या पुस्तकातल्या ओळी शेजारी मांडल्या. पुण्याच्या प्रकाशकाला पाठवलं. उत्तर नाही. पुन्हा पाठवलं. पाचव्यांदा लीलाताईंनी फक्त एक ओळ लिहिली, 'मी सुट्टीवर येत आहे, वह्या घेऊन तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसेन.' आणि खरंच गेल्या. दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी प्रकाशकांनी आत बोलावलं, वह्या चाळल्या, आणि उरलेल्या प्रती बाजारातून काढून घ्यायचं कबूल केलं. माफीचं पत्र काही दिलं नाही. मंडळात सर सांगत राहिले, आवृत्ती संपली.

विमानतळावर त्यांना आणायला मी गेले होते. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला. झाकण चटका देत होतं, तरी मी ते खाली ठेवलं नाही...

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी बोटीनं फैलका बेटावर गेलो. तिथे वाळूत एका फार जुन्या चर्चचे अवशेष आहेत, कुंपणाआड, गुडघ्याएवढ्या भिंती. लीलाताई कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. वारा जोराचा होता, ओढणी तोंडावर येत होती. "बघ गं," म्हणाल्या, "कुठला गुलाम, कुठली धुणेवाली, आणि गोष्ट कुठवर आली. सम्राट संपला, त्याची टाकसाळ संपली. पाणी पाजणारे पोचले." माझ्या बाजूला काही अंतरावर एक कुटुंब सहलीला आलेलं होतं, त्यांचं पोर कुंपणाआत गेलेला चेंडू मागत रडत होतं. लीलाताईंनी कुंपणातून हात घालून चेंडू काढून दिला आणि परत तशाच उभ्या राहिल्या. इतक्या आनंदात मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

नवं पुस्तक पुरं व्हायला दोन प्रकरणं बाकी होती, तेव्हा त्या गेल्या.

देह जालन्याला पाठवला. इथे शुक्रवारी प्रार्थनेनंतर शोकसभा ठेवली. सुवार्तानं मला दाराशी उभं केलं होतं, लोकांना आत बसवायला. वॉर्डातल्या नर्सा आल्या, डायलिसिसवरचे दोन कुवेती म्हातारे चाकाच्या खुर्चीतून आले. आणि मग सर आले. पांढरा सदरा, हातात निशिगंधाचा हार. माझ्याकडे बघून मान झुकवली. "दोन शब्द बोलायचे आहेत. शेवटी आम्ही एकाच विषयाचे अभ्यासक."

मी दारातून हलले नाही.

"नसीमताई, मृत्यूबरोबर वैर संपतं म्हणतात. आणि क्षमा तर त्यांच्या धर्माचा पायाच."

"पायाच्या आधी दार असतं सर," मी म्हटलं. "त्यांच्या धर्मात पुस्तकाच्या गुन्हेगाराला बाहेर उभं राहावं लागायचं. मी सहा महिने राहिले. तुम्ही राहा. उन्हात राहा. आतून आवाज ऐकू येईल."

"तुम्ही कोण मला अडवणार?"

"टाइपिस्ट."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं, कुणी बोलावतंय का म्हणून. मंडळाचे अध्यक्ष पहिल्या रांगेत होते. त्यांनी सरांना पाहिलं, आणि मान वळवून समोर बघत बसले. या खेपेला चहा तयार नव्हता. सर दहा मिनिटं उभे होते. घामानं सदरा पाठीला चिकटला. मग हार पायरीवर ठेवून गाडीकडे गेले. मला आनंद झाला. हो, झाला. शोकसभेच्या दारात उभं राहून मला आनंद झाला, आणि त्याची मला अजून लाज वाटलेली नाही.

संध्याकाळी सुवार्ता म्हणाली, "मावशी, आत्या असती तर तिनं आत घेतलं असतं त्यांना."

"नसतं घेतलं."

"शेवटी घेतलं असतं."

शेवटी म्हणजे किती वर्षांनी, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. पायरीवरचा हार सुवार्तानं उचलला आणि आत नेऊन इतर हारांमध्ये ठेवला. मी तिला अडवलं नाही. ती त्यांच्या रक्ताची आहे, तिचा हिशेब वेगळा असेल. माझा चुकता झालेला नाही.

मालकानं खोली महिनाअखेरीला रिकामी करायला सांगितली. मी आणि सुवार्तानं एका दुपारी सामान आवरलं. भांडी एका फिलिपिनो नर्सला, पुस्तकं खोक्यांत. खिडकीशी इस्त्रीचं टेबल उभं होतं, पाय पसरलेलं, कापड शाईच्या डागांनी निळं झालेलं. कंबर गेल्यापासून त्यांना फार वेळ बसून लिहिता येत नसे, म्हणून त्या त्याच्यापाशी उभ्या राहून लिहीत. शेवटच्या पानावर पेन आडवं ठेवलेलं होतं. वाक्य अर्धं होतं. सुवार्ता म्हणाली, "हे कोण नेणार, मोडकळीला आलंय." मी म्हटलं, मी नेते.

आता ते माझ्या घरी आहे, फ्रिजच्या शेजारी. दुपारी एक ते चार मी त्याच्यापाशी उभी राहते. त्या वहीतलं टाइप करते, आणि राहिलेली दोन प्रकरणं त्यांच्या टिपणांवरून लिहिते. पुण्याच्या त्याच प्रकाशकाला पत्र गेलंय. मुखपृष्ठावर नाव एकच असेल. लीलाताई माझ्याहून चांगल्या वीतभर उंच होत्या, टेबल त्यांच्या उंचीला लावलेलं आहे. माझे यजमान रोज म्हणतात, अगं, खालचा खटका दाबला की खाली येतं ते. मला माहीत आहे. मी खटका दाबत नाही. टाचा उचलून लिहिते.